रेड्याच्या मापाचं पाणी

सिल्वासा आमच्या नाशिकपासून फार लांब नाही, तरी आमच्या गल्लीत तिथे जाऊन आलेला माणूस मी एकटाच. परत आल्यापासून लोक विचारतात, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" मी धरण सांगतो, बागा सांगतो, कारखान्यांची रांग सांगतो. मनात मात्र एक रेडा असतो. भर गर्दीत, दोन पाड्यांच्या माणसांसमोर, तो पाण्यातून उठायला तयार नव्हता.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीची ही दिवाळी. आमची मंडळी भाऊबीजेला आपल्या भावाकडे गेली, तेव्हा मीही ठरवलं की यंदा सुमनकडे जायचं. सुमन माझी धाकटी बहीण. तिचे यजमान विनायकराव मूळचे डहाणूकडचे. बरीच वर्षं सिल्वासाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक आहेत. मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरीला. मीटर, टाक्या, गळती यांत माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझं लक्ष आधी नळाकडे जातं. सुमन याला रोग म्हणते.

पेठच्या घाटात गाडी थांबली तेव्हा रस्त्याकडेच्या ओहोळात हात धुतले. तो ओहोळ पश्चिमेकडे वाहत होता. याच डोंगरांतले असे ओहोळ एकत्र येऊन पुढे दमणगंगा होते, आणि ती महाराष्ट्रातून गुजरातेत, तिथून सिल्वासाला आणि शेवटी दमणच्या खाडीत जाते. आमच्याकडे गोदावरीचं कौतुक एवढं, की डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आपण आणखी एका नदीचे शेजारी आहोत हे कुणाच्या गावीही नसतं. माझ्याही नव्हतं.

टोकरखाडा

सिल्वासातल्या टोकरखाड्यात सुमनचं दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. शेजारी एका बाजूला धुळ्याकडचं कुटुंब. त्यांचा कर्ता खडोलीच्या कारखान्यात सुताच्या खात्यात कामाला. दुसऱ्या बाजूला रत्नागिरीचे कारकून. जिन्यात उभं राहिलं की एकाच वाक्यात तीन भाषा ऐकू येतात. धुळ्याची वहिनी फराळाचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊ, या लेवा. आमना शेठनी यंदा बोनस टाइमसर दिधा." तिच्या शेवेत तिखट एवढं होतं की मला दोन तांबे पाणी लागलं. नळ संध्याकाळी येतो. मी बादली लावून घड्याळ बघायला लागलो, तशी सुमन ओरडली, "दादा, ओवाळायला बसायचंय! नळाला ओवाळू का तुझ्याऐवजी?"

ओवाळणी झाल्यावर विनायकराव मला वापीच्या रस्त्याला घेऊन गेले. तिथे उबाडियुं मिळतं. पापडी, रताळी, कंद यांना हिरवा मसाला लावून मडक्यात भरतात, मडक्याला रानपाला कोंबतात आणि ते उपडं घालून वरून जाळ करतात. विनायकरावांनी पहिला घास घेतला आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "ही आमची पोपटीच. नाव तेवढं गुजराती." गाडीवाला हसला. "मास्तर, दर साल येच बोलो छो." आमच्या देशावर असलं काही नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

खाता खाता विनायकराव म्हणाले, "आणखी चारपाच दिवस राहा. रविवारी आमच्या शाळेच्या ओढ्यावर रेडा मोजायचा आहे."

"रेडा कशाला मोजायचा?"

"रेडा नाही हो. रेड्याने पाणी मोजायचं."

मी थांबलो, हे सांगायला नको.

धरणाच्या भिंतीवरून

दुसऱ्या दिवशी मधुबन धरण पाहिलं. पाणी लांबवर डोंगरांच्या कुशीत शिरलं होतं. कालवे कुठे जातात ते विनायकरावांनी हाताने दाखवलं. हा गुजरातकडे, यातलं आपल्या सिल्वासाच्या प्रदेशाला, त्यातलं पुढे दमणला. कुणाचा वाटा किती हे सगळं लिहून ठरलेलं आहे. आकड्यांत ठरलेली गोष्ट मला आवडते. तरी भिंतीवर उभं राहून एक शंका आलीच. वाटे लिहिले तेव्हा पाऊस जसा पडत होता, तसाच तो पडत राहील हे कुणी लिहून दिलं?

माझ्या घराच्या गच्चीवर मी एक पर्जन्यमापक करून ठेवला आहे. बाटली, नरसाळं आणि पट्टी, एवढाच. बरीच वर्षं मी त्यात पाणी मोजतो. त्यावरून देशाचं काही सांगावं एवढा मी मोठा नाही. पण माझ्या गच्चीपुरतं सांगतो. एकूण पाऊस फारसा घटलेला नाही, त्याचे दिवस घटले आहेत. श्रावणात धूळ उडते आणि नवरात्रात छत्री लागते. जो पाऊस चार महिने बेताने पडायचा तो आता चार दिवस आपटतो आणि गप्प बसतो. वर्तमानपत्रांत हवामान बदलतंय असं अधूनमधून येतं. ते वाचताना मला ती बाटली आठवते.

"तुमच्या बाटलीत जे दिसतं ना," विनायकराव म्हणाले, "ते उद्या ओढ्यावर बघा."

खडोलीच्या पलीकडे

खडोलीच्या कारखान्यांचे भोंगे मागे पडले की रस्ता एकदम शांत होतो. भाताची कापणी झालेली, खळ्यांवर पेंढ्या. ओढ्याच्या काठी दोन पाडे आहेत, वरचा आणि खालचा. वस्ती वारल्यांची. खालच्या पाड्याला विनायकरावांची शाळा, एक खोली आणि एक व्हरांडा.

शाळेसमोरच मंगलीबाई भेटल्या. वय माझ्याएवढं असेल. वाफ्यात वांग्याची रोपं होती आणि त्या एकेक रोप बोटाने सरळ करत होत्या.

"मास्तर, ह्यो कोन पावना?"

"माझे मेहुणे. नाशिकला पाण्याच्या खात्यात असतात."

"पान्याचं खातं?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग थोडं पानी घेऊन नाय आले?"

विनायकरावांनी मला बाजूला घेऊन परिस्थिती सांगितली. दर वर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीचा ट्रक येतो आणि खालच्या पाड्यातली बरीच घरं मुलांसकट त्यात चढतात. ती परततात पावसाच्या तोंडावर. तोवर शाळेचा व्हरांडा रिकामा. यंदा मंगलीबाईंची सून गरोदर आहे. गेल्या खेपेला भट्टीवरच तिचं पहिलं मूल गेलं. म्हणून मंगलीबाईंनी यंदा वांगी लावली आहेत. होळीपर्यंत ओढ्याचं पाणी मिळालं तर वांगी सिल्वासाच्या बाजारात जातील आणि घर घरी राहील. नाही मिळालं, तर ट्रक. तो मंगळवारी येणार होता.

आता ओढ्याची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

दिवाळीनंतर दोन्ही पाडे मिळून ओढ्याला बांध घालतात. दगड, कारवीचे कूड, पाला, माती. बांधाने पाणी चढतं आणि डाव्या अंगाच्या पाटातून वरच्या पाड्याच्या वाल-मिरचीला जातं. बांधाच्या मधोमध एक दार ठेवतात, त्यातून खालच्या पाड्याला पाणी जातं. दार रुंद असेल तर पाणी खाली, अरुंद असेल तर पाटात. म्हणजे भांडण सगळं दाराच्या रुंदीचं. ती रुंदी जनावराने ठरते. खालच्या पाड्याने आपलं जनावर आणायचं आणि दारातून चालवायचं. त्याच्या दोन्ही कुशींना दगड लागला नाही की माप पक्कं. चांगल्या पावसाच्या वर्षी रेडा, पावसाने ओढ दिलेल्या वर्षी रेडकू. वर्ष कोणतं हे ओढ्यातला एक मोठा दगड सांगतो. त्याला म्हातारी म्हणतात. दसऱ्याला म्हातारी बुडालेली असेल तर रेडा, डोकं वर असेल तर रेडकू.

हे ऐकून मी एवढा खूश झालो, की चप्पल घालूनच म्हातारी बघायला पाण्यात उतरलो. शेवाळावरून पाय सटकला. मी कमरेपर्यंत भिजलो आणि माझी एक चप्पल अर्धवट घातलेल्या बांधातून खाली वाहत गेली. खालच्या अंगाला भांडी घासणाऱ्या बायकांनी ती पकडली. त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, "बघा गं! वरून आपल्याला पयल्यांदा कायतरी सोडलं!"

वरच्या पाड्याचे देवजीभाऊ मला हात द्यायला आले. पांढऱ्या मिशा, अंगात कुठल्याशा कंपनीचं नाव छापलेला जुना शर्ट. मुलाचा असावा. मी विचारलं, "दसऱ्याला म्हातारी बुडाली होती का?"

"बुडाली व्हती. खोटं कशाला बोलू?" ते म्हणाले. "पन दसऱ्याच्या दोन दिस आदी ढग फुटल्यावानी पडला. त्याच्या आदी पंधरा दिस थेंब नाय, नंतर बी नाय. त्या दिशी म्हातारी बुडाली आन आठ दिसांत तिची कंबर उघडी. आता ह्या वर्साला काय म्हनायचा, रेडा का रेडकू?"

मला माझी बाटली आठवली. वर्षाचा हिशेब एका दिवसावर ठरवायची त्यांची रीत पूर्वी चालत असणार, कारण पाऊस एका ओळीत पडायचा. आता दगड तोच, दसरा तोच, आणि मधला पाऊस बदललेला. गेल्या वर्षीही असंच झालं होतं. दार रेड्याच्या मापाचं ठेवलं, पौषात पाट कोरडा पडला, वरच्या पोरांनी अंधारात दारात दगड भरले आणि दोन डोकी फुटली.

मी एक काठी कोरून खुणा केल्या आणि बांधाच्या बरंच वर, त्याची फुग पोचणार नाही अशा जागी पाण्यात रोवून ठेवली. ती शुक्रवारची दुपार होती.

रविवार

रविवार धरतात, कारण त्या दिवशी कारखान्यांत गेलेली पोरं घरी असतात. सकाळीच दोन्ही पाडे ओढ्यावर. बांध निम्मा झाला होता. बायका पाट्यांतून माती आणत होत्या, पुरुष दगड बसवत होते. माझ्या काठीवर पाणी दोन बोटं उतरलं होतं.

खालच्या पाड्याने रेडा आणला. काळाभोर, तेल लावलेला, शिंगं मागे वळलेली. वरच्या पाड्यात एकच हशा उठला.

"ह्यो रेडा हाय का हत्ती? दिवाळीपासून कोंडा चारताय काय?"

"तुमच्या पोरांना कंपनीचा पगार," मंगलीबाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "आमच्या रेड्याला कोंडा पन नको?"

"रेडकू आना," देवजीभाऊ शांतपणे म्हणाले.

"कशाला? म्हातारी बुडाली का नाय दसऱ्याला?"

"बुडाली."

"मंग? तुझ्या बापाची रीत हाय ती, माझ्या नाय."

यावर वरच्यांनी आवाज चढवला. दोन्हीकडून बोलाचाली वाढली. एका तरुणाने कुदळ जरा जास्तच घट्ट धरली. विनायकराव मध्ये उभे राहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा, तुम्ही काठी लावली आहे ना? काय म्हणते ती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "रेडा आणि रेडकू यांच्या मधलं माप घ्या."

दोन्ही पाडे एकदम हसले. देवजीभाऊ डोळे पुसत म्हणाले, "पावना, असा मदला रेडा कंच्या बाजारात भेटतो? सांगा, मी जातो."

माझे कान गरम झाले. पण हशाने एक काम झालं, कुदळ खाली आली. मग मी काठी उपटून आणली आणि खुणा दाखवल्या. "शुक्रवारी पाणी इथे होतं, आज इथे आहे. आज ओढ्यात एवढं आहे, की दार रेड्याचं ठेवलं तरी पाट भरून वाहील. पण पाणी आणखी वीतभर उतरलं की रेड्याच्या दाराने पाट कोरडा. म्हणजे आज मंगलीबाईंचं खरं आणि पौषात देवजीभाऊंचं. वर्षभर एकच दार ठेवलंत तर कुणीतरी एक जण कायम चिडलेला राहणार."

"मंग पौषात रेडकू आनू," देवजीभाऊ म्हणाले.

वरच्याच पाड्याची एक आजी मातीची पाटी खाली ठेवत पुटपुटली, "पौषापातूर रेडकू रेडा व्हतो रं. पानी लहान व्हतं आन जनावर मोठं." पुन्हा हशा.

"एवढी भीती वाटते," मंगलीबाई तडकून म्हणाल्या, "तर मंग बकरी आनू का? बकरीच्या दारातून पानी सोडा आमाला!"

हा टोमणा होता. पण कुणी हसलं नाही. देवजीभाऊंनी हळूच विचारलं, "कोनाची बकरी?"

मंगलीबाई बोलल्या होत्या रागात, आणि आता शब्द मागे घेता येत नव्हता. त्या म्हणाल्या, "माझी. जनावर खालच्या पाड्याचं, ही रीत हाय."

तिथून बोलणं वेगळ्या वाटेला लागलं. मार्गशीर्ष लागेपर्यंत रेडा, संक्रांतीपर्यंत रेडकू, होळीपर्यंत बकरी. प्रत्येक वेळी दोन्ही पाड्यांसमोर दार नव्याने बांधायचं, म्हातारीकडे बघून नाही. पण मंगलीबाईंना एवढ्याने भागत नव्हतं. बकरीच्या दारातून आलेल्या पाण्यावर वांगी तगणार नाहीत हे त्यांना दिसत होतं, मलाही. मी विचारलं, "आत्ता रेड्याच्या दारातून भरपूर पाणी येईल, ते साठवायला खाली काही आहे?"

"डोह व्हता शाळेच्या मागं," त्या म्हणाल्या. "आताचे पूर गाळ आनतात. गुडघाभर बी ऱ्हायला नाय."

देवजीभाऊंनी वरच्या पाड्याकडे पाहिलं. "उद्या आमची मानसं येतील गाळ काढायला. डोह भरला की ही बाय आमच्या दारात भांडायला येनार नाय. सस्त्यात सुटलो."

"भांडायला येईनच," मंगलीबाई म्हणाल्या. पण आवाज उतरला होता.

मग रेड्याला दारातून चालवायची वेळ आली, आणि रेडा बांधामागच्या गार पाण्यात बसला. बसला तो बसलाच. ओढलं, ढकललं, शेपूट पिरगाळली. तो डोळे मिटून रवंथ करत राहिला.

"आमच्या पाड्याचा झाला तो!" वरून कुणीतरी ओरडलं.

शेवटी मंगलीबाई दाराच्या खालच्या अंगाला जाऊन हिरव्या गवताची पेंढी घेऊन उभ्या राहिल्या आणि नुसत्या जिभेने चक् चक् करू लागल्या. रेड्याने एक डोळा उघडला. उठला, अंगावरून पाणी निथळत दारात शिरला आणि दगडाला न शिवता पलीकडे गेला. दोन्ही पाड्यांनी आरोळी दिली. आमच्याकडे मीटर बसवताना असा आनंद मी कधी पाहिला नाही.

मंगळवार

सोमवारी डोहाचा गाळ निघाला. मीही पाट्या उचलल्या आणि हाताला फोड आणले. जेवायला नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. मंगलीबाईंच्या सुनेने वाढली. वाढताना ती एक हात कमरेवर ठेवत होती.

मंगळवारी ट्रक आला. पाड्यातल्या घरांची दारं सुतळीने बांधली गेली. चार घरं चढली. डोह अख्ख्या पाड्याला पुरेल एवढा नव्हता, आणि वांगी सगळ्यांनी लावली नव्हती. विनायकराव व्हरांड्यात उभे राहून जाणाऱ्या मुलांना नावाने हाका मारत होते. मुलं ट्रकमधून हात हलवत होती.

मुकादम मंगलीबाईंना म्हणाला, "मावशी, चढ. नंतर बोलावशील तर जागा नाय भेटनार."

त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग डोहाकडे. तळाशी हातभर पाणी आलं होतं, गढूळ. त्यावर भरवसा ठेवावा असं मलाही वाटलं नसतं.

"जा तू," त्या मुकादमाला म्हणाल्या. पण त्यांचा हात दाराच्या चौकटीवर होता, आणि ट्रक वळणाआड गेला तरी तो तिथून निघाला नाही.

मी बुधवारी परतलो. एका पायात माझी जुनी चप्पल, दुसऱ्यात विनायकरावांची. ओढ्यातून काढलेली चप्पल कुणाच्या तरी कुत्र्याने खाल्ली होती. पेठच्या घाटात गाडी पुन्हा त्याच ओहोळाशी थांबली. मी पाण्यात बोट घालून बघितलं. सात दिवसांत किती उतरलं हे कळायला जाताना खूण करायला हवी होती. आमच्या अंगाला तसं कुणी करत नाही. पाणी आपल्या हातून निघून जातं आणि पुढे कुणाच्या दारातून जातं याची आपण चौकशी करत नाही.

होळी झाल्यावर सुमन आणि विनायकराव आमच्याकडे आले. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आतच मी विचारलं, "दारातून काय गेलं?"

"संक्रांतीपर्यंत रेडकू. मग बकरी."

"भांडण?"

"दर वेळी झालं. डोकं एकही फुटलं नाही."

"आणि मंगलीबाई?"

सुमनने पिशवी उलटी केली. लहान लहान, काटेरी देठाची वांगी फरशीवर घरंगळत गेली. "नात झाली," ती म्हणाली. "शाळेच्या मागे, घरातच. आई आणि पोर दोघी बऱ्या आहेत."

विनायकराव हसायला लागले होते. "बकरीचं ऐका. मंगलीबाईंनी आणली ती गाभण बकरी. दिवस भरत आलेले, पोट हे एवढं. दारात अर्धी शिरली आणि अडकली. देवजीभाऊ म्हणाले, ही काय बकरी झाली का? मंगलीबाई म्हणाल्या, खालच्या पाड्याचं जनावर आहे, रीतीत कुठे लिहिलंय पोट रिकामं असावं म्हणून?"

"मग?"

"मग काय. देवजीभाऊ थोडा वेळ बकरीकडे बघत राहिले, आणि वाकून दाराचा एक दगड त्यांनी स्वतःच्या हाताने काढला."